मदत हवी आहे: कन्कशननंतर (डोक्याला मार लागून मेंदूला बसलेला हादरा) बरं होणं रखडलेल्या मुलीला व्यायाम करून घेणारं पुण्यात कोणी आहे का?

नमस्कार मंडळी,

पुतणी नववीत आहे, खो-खो खेळते. गणपतीच्या आधी प्रॅक्टिसला खांबावर डोकं आपटलं. सीटी स्कॅन नॉर्मल, डॉक्टर म्हणाले थोड्या दिवसांत बरी होईल. आता दिवाळी झाली तरी जिना चढला की डोकं ठणकतं, दोन पानं वाचली की गरगरतं, शाळा अर्धीच चालू आहे. आजीचं एकच, पडून राहू दे पोरीला.

पण मी जे वाचतोय ते उलटंच आहे. २०२२ ला ॲमस्टरडॅमला तज्ज्ञांची परिषद झाली, त्यांचं म्हणणं असं की पहिले २४ ते ४८ तास जरा आराम, मग चालणं वगैरे हळूहळू सुरू करायचं, अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवायचं नाही. अमेरिकेत बफेलोला ट्रेडमिलची एक टेस्ट करतात, म्हणजे स्पीड तोच ठेवून दर मिनिटाला चढ वाढवत न्यायचा आणि त्रास वाढला की थांबून तेव्हाचा हार्ट रेट लिहायचा, मग रोजचा व्यायाम त्याच्या ८०-९० टक्क्यांवर, २० एक मिनिटं. १५० ला त्रास वाढला तर १२० ते १३५. डोकं थोडं दुखलं तरी चालतं म्हणे, आधीपेक्षा दहापैकी दोन पॉइंटच्या वर वाढायला नको आणि तासाभरात उतरायला हवं.

बफेलोवाल्यांचा २०१९ चा अभ्यास १३ ते १८ वयाच्या मुलांवरचाच आहे, व्यायामवाली साधारण १३ दिवसांत बरी झाली आणि नुसतं स्ट्रेचिंगवाली १७. पण ती सगळी मार लागून दहा दिवसांच्या आतली होती, हिच्यासारखी रखडलेली नाहीत, म्हणून मला स्वतःच्या जिवावर काही सुरू करायचं नाहीये.

न्यूरोलॉजिस्टची हरकत नाही, पण करून कोण घेणार ते तुम्हीच शोधा म्हणाले. जवळचा फिजिओ मानेला मशीन लावतो आणि घरी पाठवतो.

तर पुण्यात ही टेस्ट करणारं स्पोर्ट्स मेडिसिनवालं किंवा फिजिओ कोणी माहीत आहे का? चक्करसाठी व्हेस्टिब्युलर फिजिओ वेगळा गाठावा लागतो का? आणि टेस्ट झाल्यावर रोजचा व्यायाम सारसबागेत चालून, छातीला हार्ट रेट मोजणारा पट्टा लावून केला तर चालेल का, की ट्रेडमिलच हवी? तळजाईचा चढ सध्या नकोच वाटतो.

स्वतःच्या मुलांचा अनुभव असेल तर आधी तो सांगा. तेल, नस्य, दृष्ट काढणं सगळं झालंय, ते नका सुचवू प्लीज :)

आम्ही सहकारनगरला आहोत, औंध-बाणेरपर्यंत यायची तयारी आहे. नाव-नंबर व्यनि (खासगी निरोप) केलात तरी चालेल.