भाड्याने द्यायच्या छोट्या केबिनचा नकाशा: पोटमाळा ठेवावा का? आणखी काय चुकतंय?

कौलारू:
बाहेरून १० बाय २४ फुटांची केबिन बांधायची आहे, दोन-तीन रात्रींसाठी येणाऱ्या दोघांकरता. लाकडी सांगाडा, ५ इंची भिंती, वर एकपाखी पत्रा. सध्याच्या नकाशात पश्चिमेची १० फुटी बाजू पूर्ण काचेची, झोपायला पोटमाळा, मागच्या टोकाला बाथरूम, गिझर २५ लिटरचा. काम सुरू करण्याआधी काय बदलू?

गुण्या_ओळंबा:
पोटमाळा काढा. छताची उंची १२ फूट धरली तरी खालचे ७ फूट आणि फळ्या-वाशांचे ६ इंच गेल्यावर वर साडेचार फूट उरतात. सगळी गरम हवा तिथेच साठते, अर्ध्या झोपेत शिडी उतरावी लागते आणि चादर गुडघ्यांवर रांगत बदलावी लागते. भाड्याच्या जागेत चादर दर दोन दिवसांनी बदलायची असते, हे नकाशा काढताना कुणी धरत नाही.

आतली रुंदी ९ फूट २ इंच मिळेल. ५ फुटी पलंगाचं डोकं एका आखूड भिंतीला मधोमध लावा, दोन्ही बाजूंना २५-२५ इंच राहतात. पलंग कोपऱ्यात सारला की जागा वाचल्यासारखी वाटते, पण साफसफाईवाल्याला तो दर वेळी ओढावा लागतो आणि लवकरच फ्लोअरिंगवर पायांचे चरे दिसायला लागतात.

दुसऱ्या टोकाला साडेचार बाय ७ फुटांचं बाथरूम. ४ इंची पार्टिशन घातलं तरी पलीकडे २२ इंच उरतात. तिथे फक्त बाहेरून उघडणारी, कुलपाची कोठी करा. चादरी-अभ्र्यांचे तीन संच लागतात: एक पलंगावर, एक धुण्यात, एक घडी करून. गिझर आणि पाण्याचा मुख्य कॉकही कोठीतच, म्हणजे पाहुणे आत असतानाही दुरुस्ती होते. एमसीबीची (जास्त भार आला की वीज तोडणाऱ्या बटणांची) पेटी मात्र आत हवी. ट्रिप झालं तर पाहुण्यानेच वर करावं, रात्री अकराला फोन कशाला?

मधे जवळपास १२ फूट मोकळे राहतात. दार, ओटा आणि बसायची जागा त्यात आरामात बसते. दोन बॅगा उघड्या ठेवता येतील असा ५ फुटी बाक करा, नाहीतर बॅगा वाटेतच पसरतात.

बाफ_आणि_बुरशी:
नकाशाबद्दल वरच्यांशी सहमत. काचेचं बोलतो. पश्चिमेचं ऊन संध्याकाळी इतकं खाली येतं की छज्जा कितीही काढा, ते त्याखालून आत शिरतं. तुमच्या लांब बाजू आपोआप उत्तर-दक्षिण आहेत. मोठी काच तिथे घ्या, आणि समोरच्या भिंतीत वर एक उघडणारी छोटी खिडकी, म्हणजे वारा आरपार जाईल.

काच कुठेही घ्या, पण दुहेरी घ्या. कारण असं: २० अंशाला एक घनमीटर हवेत जेमतेम १७ ग्रॅम वाफ मावते. तुमच्या खोलीत साधारण ४८ घनमीटर हवा, म्हणजे सगळी मिळून आठशे ग्रॅम. झोपलेली दोन माणसं रात्रभरात श्वास-घामातून अर्धा-पाऊण लिटर पाणी सोडतात. हवा आधीच निम्मी ओली असते. उरलेलं पाणी सर्वांत गार पृष्ठभाग शोधतं: एकेरी काच, पत्र्याची आतली बाजू, नाहीतर पलंगामागचा कोपरा. मग पाहुणा लिहितो, ‘छत गळतंय’. पत्रा शोधून सापडत नाही, कारण तो गळतच नसतो.

बाथरूमला ताशी निदान ८५ घनमीटरचा एक्झॉस्ट, दिवा बंद केल्यावरही १५ मिनिटं चालणारा, आणि त्याचा पाईप भिंतीबाहेर; छताच्या पोकळीत सोडला तर ओल तिथे जमते. दाराखाली २० मिमी फट ठेवा. आत हवाच येत नसेल तर पंखा नुसता घरघरतो.

वाफरोधक कागद थंड प्रदेशात इन्सुलेशनच्या आतल्या बाजूला लागतो. दमट-गरम हवेत, एसी चालणार असेल, तर तोच कागद भिंत आतून कुजवतो. इथे हवामान बघूनच ठरवा.

कौलारू:
पोटमाळा गेला, काच हलवली. दोघांना २५ लिटर का पुरणार नाही? आणि केबिन आठवडे रिकामी राहिली तर काय बिघडतं?

नहाणी_ट्रॅप:
मिनिटाला ८ लिटरचा शॉवर १० मिनिटं चालला की ४० अंशाचं ८० लिटर पाणी गेलं. गार पाणी २० अंश, टाकीत ६० अंश, म्हणजे त्यातलं निम्मं, ४० लिटर, गरम लागलं. तुमची टाकी सहा मिनिटांत संपते, आणि २ किलोवॅटच्या कॉइलला ती परत तापवायला ३५ मिनिटं लागतात. शॉवर ६ लिटरचा घ्या आणि टाकी ८० लिटरची. भरलेली टाकी १०० किलोच्या वर जाते, तेव्हा नुसत्या प्लायवर टांगू नका. मागे जोड खांब द्या किंवा जमिनीवर ठेवायची घ्या. तापताना पाणी फुगतं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह लिटरभर ठिबकतो. त्याची नळी बाहेर काढा, नाहीतर कोठीतल्या चादरी भिजतील.

रिकामी असताना बिघडतो तो ट्रॅप, म्हणजे जाळीखालचं पाणी धरून गटाराचा वास अडवणारं वळण. त्यातलं ५० मिमी पाणी काही आठवड्यांत उडून जातं आणि दार उघडताच गटाराचा वास येतो. पाहुण्यांच्या आदल्या दिवशी प्रत्येक जाळीत लिटरभर पाणी ओता. जास्त दिवस बंद राहणार असेल तर पाण्यावर चमचाभर खाद्यतेल. वाफ होणं मंदावतं.

फरशी बसवण्याआधी ट्रॅपला बूच मारून वॉटरप्रूफिंगवर २४ तास पाणी साठवा आणि खालून फळ्या बघा. कोपऱ्यांत वाटा (भिंत-जमिनीच्या सांध्याची गोलाई) नीट झाला नसेल तर ओल पहिल्यांदा तिथेच दिसते.