मॉरिशसला जायलोय, हॉटेलबाहेरचं काय खावं, काय बघावं?

बाळीवेसकर:
गणपतीच्या सुमारास आई-पप्पांना घेऊन मॉरिशसला जायलोय. टूरवाल्यानं दिलेल्या प्लॅनमध्ये नुसते बीच आणि हॉटेलचा बुफे. तिथली लोकं रोज काय खातात ते खायचंय, आणि आपली मराठी माणसं पिढ्यान्पिढ्या तिथं हायेत म्हणतात ती भेटतील का? आई माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही.

शेंगापोळी:
दादा, राजधानी पोर्ट लुईच्या सेंट्रल मार्केटला सकाळीच जावा. ढोलपुरी खावा, म्हणजे आपली डाळपुरीच ओ, शिजवून वाटलेली डाळ आत भरून पातळ लाटलेली, पुरणपोळीत गूळच घातला नाही तर कशी लागंल तशी, एकदम मऊ. जोडीनं देतात, त्यात वालासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचं रुगाय म्हणजे मसालेदार रस्सा, चटणी घालून कागदात गुंडाळून. माझ्या सासूबाईंनी उभ्या उभ्या दोन जोड्या खाल्ल्या! वरून आलुदा प्या, दूध, सब्जा आणि अगार अगार, म्हणजे आपलं चायना ग्रास. फक्त काही गाड्यांवर मटणाची करीपण असते, आईंसाठी आधी विचारून घ्या.

जुनीगिरणी:
मार्केटपासून चालत आप्रवासी घाट हाय, तो चुकवू नका. 1834 पासून उसाच्या मळ्यांसाठी करारावर आणलेले मजूर पुढं इथंच उतरायचे, त्यात आपली कोकणातली माणसंपण होती. 2006 ला युनेस्कोच्या यादीत आला. त्या दगडी पायऱ्यांवर उभं राहिल्यावर मला बोलायला सुचलं नाही बघा. आता बहुतेक घरात क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंचवरनं आलेली बोली बोलतात, तरी शाळेत मराठी शिकवतात, आणि गणपतीत झाकरी नाचतात, आपल्या कोकणातल्या जाखडीसारखी. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते, त्या दिवशी बीच ठेवूच नका.

हलगीवाला:
सेगा नाच हॉटेलातल्या शोमध्ये बघून समाधान मानू नका. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांचं ते गाणं हाय, रविवारी तिथली कुटुंबं डबे घेऊन समुद्रावर येतात तिथं कधी कधी ऐकायला मिळतं. त्यांचं राव्हान नावाचं वाद्य बकऱ्याच्या कातड्याचं, वाजवायच्या आधी जाळावर तापवतात, अगदी आपल्या हलगीसारखं. पप्पांना लगेच ओळखीचं वाटंल.

बाळीवेसकर:
लै आभार. आत्ताच टूरवाल्याला फोन करून चतुर्थीचा दिवस मोकळा करून घेतला. आई तर ढोलपुरीचं ऐकून आत्तापासून डाळ कुठली घालतात ते विचारायलीय. झाकरी कुठल्या गावात बघायला मिळंल, कुणाला माहीत असंल तर सांगा की.