मदत हवी आहे: अणू पोकळ, तर हात भिंतीतून का जात नाही?

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातल्या एका गावी नववीला विज्ञान शिकवतो. रदरफोर्डचा 1911 चा अणू शिकवला: केंद्रक अणूपेक्षा हजारो पटींनी लहान, बाकी जागा जवळपास रिकामी. लगेच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मंग हात भितीतून काहून जात नाई?" इतका मोलाचा प्रश्न मला अर्धवट उत्तराने मिटवायचा नाही.

ऋण प्रभार एकमेकांना ढकलतात, हे सांगितलं. पण तेवढ्याने भागत नाही. मुख्य कारण पाउलीचं 1925 चं अपवर्जन तत्त्व. दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. पदार्थाचा टिकाऊपणा याच तत्त्वावर उभा आहे, हे डायसन आणि लेनार्ड यांनी 1967 मध्ये गणिताने सिद्ध केलं. पोरांना हे कसं समजवायचं? एसटीच्या सीटचं उदाहरण पटत नाही, तिथं दाटीवाटीने तिघंही बसतात.

दुसरं, टनेलिंग, म्हणजे ओलांडायला पुरेशी ऊर्जा नसतानाही कणाने अडथळ्यापार जाणं. युरेनियमच्या केंद्रकातून अल्फा कण असाच निसटतो, हे गॅमोने 1928 मध्ये दाखवलं. मग चेंडू भिंतीपार जाण्याची शक्यता शून्य नाही, पण किती नगण्य? शाळेच्या गणितात बसेल अशी आकडेमोड कोणी करून देईल का?

आणि बर्फाच्या लादीतून वजन बांधलेली तांब्याची तार आरपार जाते, तरी लादी अखंड राहते, तो प्रयोग वैदर्भी उन्हाळ्यात कोणी केलाय का? लादी आधीच वितळू नये म्हणून काय केलं, तार किती जाड घेतली, वजन किती लावलं, ते कळवा.