लेपर्ड गेकोच्या (ठिपक्यांची पाळीव पाल) टँकमध्ये खाली नक्की काय टाकायचं? कॅल्शियम सँड चालते का?

गेकोवाली:
माझा लेपर्ड गेको अजून बारका आहे. टँकबरोबर दुकानदाराने कॅल्शियम सँडचं पाकीट दिलं, म्हणाला पोटात गेली तरी विरघळते, उलट कॅल्शियमच मिळतं. पण काल क्रिकेटवर, म्हणजे खायला दिलेल्या रातकिड्यावर, झडप घातली तेव्हा किड्याबरोबर तोंडभर वाळू गेली, मग किती तरी वेळ जीभ बाहेर काढून थोबाड चाटत बसला. आता वाचतेय तर कोणी म्हणतं वाळू म्हणजे विष, कोणी म्हणतं कोरड्या भागातला प्राणी आहे त्याला वाळूच हवी. टिश्यूवर ठेवला तर बिचारा खणणार कुठे? खाली हीट मॅट आहे, थर्मोस्टॅटसकट.

खवलेवाला:
आधी ती वाळू काढा, आजच. विरघळते वगैरे पाकिटावर लिहायला ठीक आहे, एकदम जास्त गेली तर पोटातलं ॲसिडच मारते ती, आणि ओली झाली की गोळा होतो. वर ज्याला कॅल्शियम कमी पडतंय तो गेको ती मुद्दाम चाटून खातो. कॅल्शियम द्यायचं तर साधी पावडर एखाद्या झाकणात ठेवा आणि किड्यांना चोळा. पिल्लू आहे तोवर किचन टॉवेल बेस्ट, दिसायला भिकार पण शी कशी झाली, झाली की नाही, सगळं लगेच कळतं. अक्रोडाच्या कवचाचा भुगा आणि देवदार-पाइनचा भुसा कोणी कितीही गळ्यात मारला तरी घेऊ नका, पहिल्याला धारदार कडा असतात आणि दुसऱ्याच्या वासाने फुफ्फुसांना त्रास होतो.

मातीतलाच:
वरच्याशी सहमत, फक्त 'वाळू दिसली की मेला' हे जरा अती होतं. धडधाकट, नीट गरम राहणारा गेको चार कण गिळले तर शीतून काढून टाकतो. अडकतं ते बहुतेक वेळा टँक थंड असला, पाणी कमी पडलं, पोटात जंत असले किंवा कॅल्शियम कमी असलं की, कारण मग आतडं हलतच नाही. आणि वाळवंट म्हणजे वाळूचे ढिगारे हे डोक्यातून काढा. हे प्राणी अफगाणिस्तान, पाकिस्तान, वायव्य भारत या बाजूचे, तिथली जमीन खडकाळ, घट्ट मातीची. मोठा झाला की खत-परलाइट (कुंडीच्या मातीतले पांढरे हलके दाणे) नसलेली साधी माती ७० टक्के आणि धुतलेली प्ले सँड (मुलांच्या खेळायची बारीक वाळू) ३० टक्के असं मिसळून, ओलं करून दाबून बसवायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. बोटाने दाबल्यावर खड्डा पडला तर अजून झालं नाही. असं केलं की तो खणतोही आणि घास घेताना सुटे कणही फारसे येत नाहीत.

टाइल_फॅन:
एक गोष्ट राहिली. मॅटवर मातीचा जाड थर टाकू नका हां! उष्णता वर येत नाही, खाली कोंडते, आणि गेको गरम जागा शोधत खणत खणत काचेपर्यंत गेला की पोट भाजतं. माती हवी तर हीट वरून, बल्बने. मॅटच ठेवायची तर वर खरखरीत टाइल किंवा स्लेटची फरशी, आणि प्रोब (थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी वायर) जिथे तो बसतो तिथे, गरम बाजू ३२-३३ डिग्री. रेप्टाइल कार्पेट मला अजिबात आवडत नाही, धाग्यात नखं अडकतात आणि कितीही धुवा वास राहतोच. कात टाकायला एका डब्यात ओलं मॉस (शेवाळ) ठेवा, नाहीतर बोटांना कात चिकटून रक्त अडतं आणि बोटंच गळतात.

गेकोवाली:
वाळू काढली, टॉवेल घातलाय. पण त्या झडपेनंतर शी दिसली नाहीये, खातोय मात्र नीट. थांबू का?

मातीतलाच:
खातोय, फिरतोय, पोट मऊ आहे तर गरम बाजूचं तापमान तेवढं बघा आणि पाणी ठेवा. घाबरून तेल वगैरे पाजू नका, श्वासनलिकेत गेलं तर नवीनच भानगड. खाणं बंद झालं, पोट फुगलं, जोर करूनही शी होत नाही किंवा मागचे पाय ओढत चालायला लागला तर वाट न बघता सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे न्या. ही वाळू एक्स-रेत स्पष्ट दिसते, त्यामुळे किती आहे नि कुठे आहे ते कळतं. जाताना वाळूचं पाकीट पण सोबत घ्या.