फेथफुली की सिन्सिअरली?

इंग्रजी पत्राच्या शेवटी 'युअर्स फेथफुली' लिहायचं की 'युअर्स सिन्सिअरली', हा प्रश्न नेहमी पडतो, म्हणून हे थोडं. ब्रिटिश पद्धतीत हे मायन्यावर ठरतं. 'डिअर सर' किंवा 'डिअर मॅडम' असेल तर फेथफुली. 'डिअर मिसेस कुलकर्णी' असं नाव घातलं की सिन्सिअरली. अमेरिकेत फेथफुली जवळजवळ कुणी लिहीत नाही.

आपल्या सरकारी कचेऱ्यांत हा फरक अजून जिवंत आहे. साधं शासकीय पत्र फेथफुलीने संपतं. अर्धशासकीय पत्र, म्हणजे डी.ओ., अधिकाऱ्याच्या नावाने जातं, प्रथमपुरुषी एकवचनात असतं आणि सिन्सिअरलीने संपतं. तुंबलेलं काम हलवायला ते धाडतात. सेमी-फॉर्मल, म्हणजे धड औपचारिक नाही आणि धड घरगुती नाही अशा पत्राचा याहून चांगला नमुना मला तरी माहीत नाही.

'काइंडली डू द नीडफुल' (कृपया आवश्यक ते करावे) मात्र सोडा. व्याकरणाने चूक नाही, पण नेमकं काय करायचं ते वाचणाऱ्याला कळत नाही. 'दाखल्याची प्रत 15 तारखेपर्यंत पाठवावी' असं सरळ मागा. आणि तारखेत महिना अक्षरांत लिहा. 5/6 म्हणजे आपल्याकडे 5 जून, अमेरिकेत 6 मे. (व्हिसाच्या कागदांत तर हमखास घोळ!)