ठाण्यात सातही दिवस विजेचं चिन्ह दाखवतंय, कोजागिरी गच्चीवर ठेवायची का?

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी, आमच्या सोसायटीची कोजागिरी गच्चीवर असते, मंडप वगैरे काही नाही, सतरंज्या आणि मसाला दूध. आता फोनवर बघतोय तर पुढचे सातही दिवस ढग आणि विजेचं चिन्ह, त्यात ठाण्याला यलो अलर्ट पण आहे. प्रत्यक्षात सकाळपासून कडक ऊन, घामाच्या धारा, आणि काल संध्याकाळी पाऊण तास धो धो पडला तो फक्त कासारवडवलीला, माजिवड्याला थेंब नाही. ज्येष्ठ मंडळी बरीच येतात, दूधवाल्याला पण आधी सांगावं लागतं. हा आठवड्याचा अंदाज नक्की वाचायचा कसा? हॉल बुक करू की थांबू?

ढग_निरीक्षक
थांबा, हॉलची घाई नको. हा परतीचा पाऊस आहे आणि त्याची तऱ्हा जुलैच्या पावसापेक्षा पूर्ण वेगळी असते. जुलैत समुद्रावरून जोराचा वारा आणि ढगांची अखंड चादर येते म्हणून दिवसभर पडतो. आता नैऋत्येचा वारा मंदावलाय, जमीन दुपारपर्यंत तापते, हवेत ओल भरपूर आहे, ती गरम हवा वर चढते आणि सह्याद्रीच्या बाजूला उंचच उंच ढग तयार होतात. वरच्या थरात वारा पूर्वेकडून असला की तेच ढग संध्याकाळी कल्याण, ठाणे, नवी मुंबईकडे सरकतात. हे ढग आकाराने लहान असतात, म्हणून कासारवडवली भिजते आणि माजिवडा कोरडा राहतो, त्यात नवल काही नाही.
आता फोनमधलं चिन्ह. पूर्ण दिवसाला एकच चित्र असतं, त्यामुळे संध्याकाळी अर्धा तास गडगडणार असेल तरी दिवसभर वीज दिसते. हवामान खात्याच्या बुलेटिनमधले शब्द वाचा, ते फार नेमके असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या 25 टक्क्यांपर्यंत ठिकाणी, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे पाऊणच्या वर. आणि यलो अलर्ट म्हणजे सावध राहा, लक्ष ठेवा. या दिवसात तो बऱ्याचदा विजा आणि ताशी 30-40 किमीच्या वाऱ्यासाठी असतो, मुसळधार पावसासाठीच असेल असं नाही. 24 तासात 64.5 मिमीच्या पुढे गेला तर खातं त्याला ‘जोरदार’ पाऊस म्हणतं.

बदलापूरकर
वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय. आमच्याकडे ढग आधी येतात. दुपारी तीन-चारला मलंगगड, माथेरानच्या बाजूला काळं झालं की आम्ही दोरीवरचे कपडे काढतो, आणि पुष्कळदा त्यानंतर तासा-दीड तासाने ठाण्यातले नातेवाईक सांगतात की आता आमच्याकडे सुरू झाला. कधी कधी वाटेतच विरून जातो. तुम्ही गच्चीवरून पूर्वेकडे बघत चला, आठवड्याच्या चिन्हापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

खारघर_सेक्टर
नवी मुंबईवाल्यांसाठी एक सांगते, अलर्ट जिल्ह्याप्रमाणे असतात. ऐरोली, वाशी, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात पण खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये. आमच्या ग्रुपवर कायम ठाण्याचा अलर्ट फिरतो आणि लोक तो आपला समजतात. शिवाय ठाणे जिल्हा म्हणजे मुरबाड, शहापूर पण आलं, घाटाच्या पायथ्याला झोडपणार असेल तरी अलर्ट पूर्ण जिल्ह्याला लागतो.

घोडबंदरकर
खूप आभार सगळ्यांचे, हे असं कोणी समजावून सांगत नाही. म्हणजे चार दिवस आधी पक्कं कळणारच नाही ना? मग दूधवाल्याला काय सांगू?

ढग_निरीक्षक
दूध सांगून टाका, पाऊस आला तर खाली पार्किंगमध्ये बसता येईल. चार दिवस आधी एवढंच कळतं की वातावरण गडगडाटी आहे, कुठल्या गल्लीत किती वाजता ते कोणालाच सांगता येत नाही. कोजागिरीच्या दिवशी दुपारनंतर खात्याचा तीन तासांचा तातडीचा अंदाज आणि मुंबईच्या रडारचं चित्र बघत राहा, मोठा लाल-पिवळा ठिपका, म्हणजे जोराच्या पावसाचा ढग, पूर्वेकडून ठाण्याकडे सरकतोय का तेवढंच बघायचं. आणि दूध चंद्र वर आल्यावरच प्यायचं असतं, तर कार्यक्रम साडेनऊ-दहानंतर ठेवा, तोवर जमीन निवते आणि हे ढग बहुतेक वेळा ओसरतात.
एक गोष्ट मात्र कृपा करून पाळा. पाऊस नसला तरी गडगडाट ऐकू आला की गच्ची लगेच रिकामी करा, लहान मुलं आणि ज्येष्ठ आधी. वीज पावसाच्या पुढे काही किलोमीटर पडू शकते आणि गच्चीवर तुम्हीच सगळ्यात उंच असता, पाण्याच्या टाकीचा लोखंडी जिना पण तिथेच असतो. चमकल्यावर आवाज यायला तीन सेकंद लागले तर वीज साधारण एक किलोमीटरवर आहे. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास जाऊ द्या, मग परत वर या. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप कोणातरी दोघांच्या फोनमध्ये आधीच टाकून ठेवा, आसपास विजेचा धोका असला की ते सूचना देतं.