मोटिफ म्हणजे लहान डोमेन नव्हे

प्रथिनांत मोटिफ (पुन्हा पुन्हा आढळणारा छोटा नमुना) आणि डोमेन (स्वतंत्र घडी असलेला भाग) असे दोन शब्द वापरतात. 'मोटिफ आणि डोमेन यांत फरक फक्त आकाराचा' असं या चर्चेत कुणी म्हटलंय, ते मला पटत नाही. खरी कसोटी ही की तो तुकडा बाकीच्या साखळीपासून वेगळा काढला तर स्वतःची घडी स्वतः घालून टिकतो का. कॅल्मोड्युलिन अजून चर्चेत आलं नाही, पण ते इथे चपखल बसतं. १४८ अमिनो आम्लांच्या या प्रथिनात चार ईएफ-हँड मोटिफ आहेत. प्रत्येकाची रचना अशी: हेलिक्स (मळसूत्रासारखा पिळलेला भाग), मग कॅल्शियम पकडणारा १२ अमिनो आम्लांचा लूप, मग पुन्हा हेलिक्स. (ई आणि एफ ही अक्षरं कार्प माशाच्या पार्वाल्ब्युमिन या प्रथिनातल्या हेलिक्सच्या नावांवरून आली.) कॅल्शियम असताना मधल्या लवचीक भागात ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या विकराने कापलं की दोन भाग मिळतात, आणि दोन्ही आपापली घडी राखून कॅल्शियम बांधत राहतात. मोटिफ चार, पण डोमेन दोनच! एकटा ईएफ-हँड सहसा स्थिर राहत नाही, त्याला जोडीदार लागतो.

अमिनो आम्लांच्या क्रमावरून ओळखल्या जाणाऱ्या मोटिफची गोष्ट आणखी वेगळी. अ‍ॅस्परॅजिन, मग प्रोलिन सोडून कोणतंही एक अमिनो आम्ल, मग सेरीन किंवा थ्रिओनीन, हा ग्लायकोसिलेशनचा (म्हणजे प्रथिनावर साखर चढण्याचा) क्रम इतका आखूड आहे की तो निव्वळ योगायोगाने कुठेही सापडतो. शिकत असताना मी पेशीद्रवातल्या एका प्रथिनात अशा तीन जागा मोठ्या उत्साहाने खुणावल्या होत्या. ही साखर पेशीतल्या एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या भागात चढते, आणि ते प्रथिन तिथे जातच नव्हतं, मग त्या जागांवर साखर चढणार कशी?